सोलेभात, सांबारवडी आणि लाकडाचा स्पर्श नसलेली पांढरी वाईन

वऱ्हाडी जेवणासोबत वाईन घ्यायचीच असेल तर ती ओकच्या पिंपात न मुरवलेली पांढरी वाईन असावी, असे माझे ठाम मत आहे, आणि त्याचे मुख्य कारण आपल्या मसाल्यात आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या भागात रश्श्यासाठी कांदा आणि सुके खोबरे काळसर होईपर्यंत भाजतात, खसखस व धणे तेलावर परततात, आणि मग ते सारे पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये वाटले जाते. ओकची पिंपेही तयार करताना आतून विस्तवावर शेकलेली असतात, त्यामुळे त्यांत मुरलेल्या वाईनमध्ये व्हॅनिलाचा, लवंगेचा आणि भाजक्या लाकडाचा वास उतरतो. एका ताटात असे दोन भाजके वास आले की ते एकमेकांना झाकतात आणि तोंडात कडसरपणा तेवढा उरतो.

लाकडाविना केलेली वाईन बहुधा स्टेनलेस स्टीलच्या टाकीत, साधारण १२ ते १८ अंश सेल्सिअस तापमानाला तयार होते. थंडाव्यात किण्वन सावकाश चालते आणि द्राक्षाचे चटकन उडून जाणारे सुगंध टिकून राहतात. पिंपाच्या लाकडातून हळूहळू झिरपणारी हवाही टाकीत शिरत नाही. म्हणून तिची चव स्वच्छ, आंबट आणि फळांची असते: लिंबू, हिरवे सफरचंद, कधी पेरू. फ्रान्समधील शाब्ली येथे शार्दोने द्राक्षाची वाईन बहुतांशी अशीच, लाकडाचा वास न लावता करतात, तर आपल्याकडे नाशिकच्या सोव्हिन्यॉन ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ या दोन वाईन सहज मिळतात.

सोव्हिन्यॉन ब्लाँला एक हिरवा वास असतो, कच्च्या ढोबळ्या मिरचीची आठवण करून देणारा, आणि तो द्राक्षातल्याच पायरझिन या द्रव्यांमुळे येतो. हिवाळ्यात तुरीच्या ओल्या शेंगा सोलून केलेला सोलेभात या वाईनसोबत घ्यावा, कारण सोल्यांचा कोवळा हिरवेपणा आणि वाईनचा हिरवेपणा एकमेकांना उठाव देतात. भातावर लसणाची फोडणी असली तरी तिचा अडथळा होत नाही. सांबारवडीचे तर मला विशेष कौतुक आहे. आत भरपूर सांबार म्हणजे कोथिंबीर, खसखस आणि खोबरे, बाहेर तळलेले बेसनाचे आवरण, आणि त्यावर वाईनचा आंबट घोट आला की तेलकटपणा जिभेवरून उतरतो व पुढच्या घासाला पुन्हा पहिल्या घासाची चव येते. भंडारा-गोंदियाकडील मालगुजारी तलावांतला रोहू केवळ हळद, मीठ आणि लिंबू लावून तव्यावर परतला, तर त्यालाही हीच वाईन घ्यावी.

अंबाडीच्या भाजीबाबत मात्र सावध राहावे लागते. पदार्थ वाईनपेक्षा आंबट असला की वाईन पाणचट लागते, म्हणून अंबाडीत डाळ किंवा ज्वारीच्या कण्या थोड्या अधिक घालून तिचा आंबटपणा सौम्य करावा. पाटोडीचा रस्सा माफक तिखट असेल तर किंचित गोडसर शेनिन ब्लाँ त्याला सांभाळून घेते, कारण गोडी तिखटाची धार कमी करते. उलट अल्कोहोलचे प्रमाण जितके जास्त, तितकी मिरचीची आग वाढते. जहाल तिखट सावजी रश्श्यापुढे कोणतीही नाजूक वाईन टिकत नाही आणि तेथे ती उघडू नये, असेच मी सांगेन.

आपल्या हवामानात खरी अडचण उष्णतेची आहे. ही वाईन ८ ते १० अंशांवर प्यावी, आणि माठातले पाणी तिला तेवढे गार करू शकत नाही. वीज नसेल तेव्हा बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर खडे मीठ घालून बाटली मानेपर्यंत बुडवावी. वीस मिनिटांत ती पुरेशी थंड होते, कारण मिठामुळे बर्फाचे पाणी शून्य अंशाखाली जाते. अशा बहुतेक वाईन वर्षा-दोन वर्षांत संपवण्यासाठीच केलेल्या असतात, त्यामुळे बाटलीवरचे द्राक्षाच्या हंगामाचे वर्ष पाहूनच खरेदी करावी. नाशिककडे द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होते, म्हणजे त्याच वर्षाची ताजी वाईन दुकानात आली की पुढचा सोल्यांचा हंगाम तिला बरोबर साधतो. विदर्भाच्या उन्हाळ्यात फ्रिजबाहेर फळीवर उभी राहिलेली बाटली मात्र दिवाळीनंतर कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. तिच्यातला फळांचा सुगंध मे महिन्यातच गेलेला असतो.