दुर्मिळ वनस्पती कुंडीत आली म्हणजे वाचली का?

मी वनस्पती उद्यानात काम करते हे कळल्यावर लोकांचा पहिला प्रश्न बहुधा घरच्या गुलाबाविषयी असतो; दुसरा मात्र नेमका असतो. डोंगरावरची दुर्मिळ झाडे तुम्ही आणून कुंडीत लावता, मग ती वाचली असे म्हणायचे का, आणि ती होती तिथेच का राहू देत नाही? नातेवाईक हे विचारतात, गडकिल्ले फिरणारे तरुण विचारतात, आणि सहलीला आलेल्या शाळेतील एखादी चुणचुणीत मुलगी तर हमखास विचारते. तुम्ही विचारलंत म्हणून हे उत्तर जरा सविस्तर लिहिते आहे. त्यातली एक गोष्ट आधीच सांगून टाकते: अख्खे झाड मुळासकट काढून आणणे हा आमच्या कामाचा अगदी छोटा आणि नाइलाजाचा भाग आहे. शक्य तिथे आम्ही थोडे बी आणतो, नाहीतर एखादी छाट.

शिंदळ माकुडीचे उदाहरण घ्या. १८६० च्या दशकात डॅल्झेल या वनाधिकाऱ्यांनी जुन्नरच्या डोंगरांतून ही वनस्पती शास्त्रज्ञांसमोर आणली आणि मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्यावरून तिचे नाव फ्रेरिया इंडिका ठेवले. तिचे मांसल खोड कड्याच्या कपारीतून खाली लोंबते, पावसाळ्यात त्याला पाने येतात, उन्हाळ्यात ती गळून जातात आणि पिवळे ठिपके असलेल्या गडद तांबड्या, चांदणीसारख्या फुलांवर माश्या येतात. शिवनेरीला दर्शनासाठी जाणाऱ्या हजारो लोकांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते की त्या कड्यांवर जगात इतरत्र कुठेही न आढळणारी, केवळ सह्याद्रीची अशी ही वनस्पती आहे. जगातील सर्वाधिक धोक्यात असलेल्या १२ वनस्पतींमध्ये एके काळी तिची गणना झाली होती. गंमत अशी की कुंडीत ती मुळीच हट्टी नाही. छाट कापून दोन-चार दिवस सावलीत सुकू द्यावी, मुरूम आणि भरड वाळू मिसळलेल्या मातीत टोचावी, की ती मुळे धरते. त्यामुळे परदेशांतील हौशी संग्राहकांच्या काचघरांतही ती सुखाने वाढते आहे. पण म्हणून कड्यावरची तिची संख्या वाढलेली नाही.

शिवाय एकाच झाडाच्या छाटांपासून शंभर कुंड्या भरल्या, तरी ते झाड आनुवंशिकदृष्ट्या एकच असते. याचे टोकाचे उदाहरण दक्षिण आफ्रिकेचे आहे. तेथील ओन्गोये जंगलात १८९५ मध्ये जॉन मेडले वुड यांना सायकससारख्या दिसणाऱ्या एका वनस्पतीचे एकमेव झाड सापडले, आणि ते नर होते. एन्सेफलार्टोस वुडिआय या नावाची ही वनस्पती आज लंडनमधल्या क्यू उद्यानासह अनेक ठिकाणी आहे, परंतु ती सगळी त्याच एका नराची पिल्ले आहेत. मादी झाड आजवर कोणाला सापडलेले नाही, त्यामुळे शुद्ध बी धरण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. उद्यानाने ती मरू दिली नाही हे खरे, पण तिला वाचवले असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

म्हणूनच सार्वजनिक बाग आणि वनस्पती उद्यान यांतला फरक मी झाडांत शोधत नाही, नोंदवहीत शोधते. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक बियाला, कंदाला आणि छाटेला एक क्रमांक मिळतो, आणि त्या क्रमांकापुढे ते कोणत्या डोंगरावरून, किती उंचीवरून, कोणत्या तारखेला, कोणी आणि किती मातृवृक्षांपासून आणले हे लिहिले जाते. फुले आल्यावर ओळख पुन्हा तपासली जाते आणि दाबून वाळवलेला एक नमुना संग्रहात ठेवला जातो. हे काम कंटाळवाणे आहे आणि पाहुण्यांना त्यातले काहीच दिसत नाही. परंतु मूळ स्थान ठाऊक नसलेले दुर्मिळ झाड शोभेला चालते, परत डोंगरावर लावायला चालत नाही. कारण ते कोणत्या डोंगराचे, हेच कोणी सांगू शकत नाही.

बागकामाचे खरे कसब कंदीलपुष्पांत दिसते. कंदीलपुष्पांच्या म्हणजे सेरोपेजिया या प्रजातीतील अनेक जाती केवळ महाराष्ट्रातल्या सह्याद्रीत आढळतात. त्यांच्या फुलाच्या नळीत आतल्या बाजूला खाली वळलेले केस असतात. बारीक माशी आत शिरते, केस सुकेपर्यंत अडकून पडते आणि सुटताना पराग घेऊन जाते. जमिनीखालचा कंद खाण्याजोगा असल्यामुळे गुराखी तो उकरतात, साळिंदरही उकरते. पावसाळा सरला की वेल वाळून जातो आणि जूनपर्यंत कुंडी रिकामी दिसते. या काळात तिला पाणी घालायचे नसते, कारण ओलाव्याने कंद कुजतो. त्यामुळे नव्या माळ्याला आम्ही सर्वांत आधी शिकवतो ते पाणी न घालणे, आणि बिल्ला लावलेली कोणतीही कुंडी रिकामी समजून उलटी न करणे. उद्यानात नेमकी ती माशी आली नाही, तर भिंगाखाली, बारीक सुईच्या टोकावर परागपुंज उचलून एका फुलातून दुसऱ्या फुलात बसवावा लागतो, आणि बहुतेक प्रयत्न फुकट जातात. फळ धरलेच तर ते तडकण्यापूर्वी त्याला मलमलीचे फडके बांधावे लागते, नाहीतर रेशमी झुबक्यांचे बी वाऱ्यावर निघून जाते. या कामाला पदवीपेक्षा हात लागतो, आणि तो हात असलेल्या माळ्यांना आपल्याकडे मिळणारा पगार पाहिला की मला संवर्धनाच्या मोठमोठ्या गप्पांचा उबग येतो.

सगळे बी शीतपेटीत ठेवले की झाले, असेही सुचवले जाते. ज्वारी-बाजरीच्या बाबतीत ते जमते. बी सुकवून शून्याखाली १८ ते २० अंशांवर वर्षानुवर्षे टिकवता येते. आंबा, फणस, जांभूळ यांचे बी मात्र सुकवले की मरते, आणि सदाहरित जंगलातील पुष्कळ वृक्षांची हीच रीत आहे. अशा वृक्षांचे जिवंत झाडच सांभाळावे लागते, आणि त्यासाठी एकरांनी जागा आणि दशकांनी धीर लागतो. सिंधुदुर्गातील बांबर्डे येथे पाणथळीत उभे असलेले रानजायफळांचे जंगल ग्रामस्थांनी देवराई म्हणून राखले आणि २०२० मध्ये शासनाने त्याला जैविक वारसा स्थळ घोषित केले. त्या झाडांचे बी आणून रोपे करता येतील, पण वाहते पाणी, चिखल आणि त्यातून वर आलेली मुळे यांचा तो सारा संसार कोणत्याही वाफ्यात उभा राहणार नाही. "तिथेच का राहू देत नाही" या प्रश्नाला बांबर्डेपुरते माझे उत्तर सरळ आहे: राहू द्यावे, आणि गावाने राखले तसेच राखावे.

शिक्षणाचे काम मला सर्वांत अवघड वाटते. पाहुण्यांचा ठरलेला प्रश्न असतो, "याचा औषधी उपयोग काय?" उपयोग नाही म्हटले की चेहरे उतरतात. माशी फुलात कशी अडकते हे फूल उभे चिरून दाखवले की मात्र मुले हलत नाहीत, आणि त्यांच्यामागचे पालकही हलत नाहीत. त्याच वेळी एक गोष्ट आम्ही मुद्दाम सांगत नाही. पाटीवर वनस्पतीचे नाव आणि फार तर जिल्हा असतो. नेमका सडा (खडकाळ पठार), नेमका कडा नोंदवहीतच राहतो, कारण दुर्मिळ फुलाचा फोटो ठिकाणासह समाजमाध्यमांवर गेला की त्याच्यामागून कंद उकरणारेही पोहोचतात. शिकवणाऱ्या संस्थेने माहिती दडवावी हे काहींना खटकते. मला खटकत नाही.

उरला तो परत डोंगरावर नेण्याचा भाग. रोपे पावसाच्या सुरुवातीला, शक्यतो ज्या डोंगरावरून बी आणले होते त्याच डोंगरावर लावली जातात. तिथे वणवे लागत असतील, दगडाची खाण सुरू असेल किंवा चराई थांबलेली नसेल, तर आम्ही रोपे नेतच नाही. आधी वनखात्याशी आणि गावाशी बोलणे होते, आणि कधी कधी ते बोलण्यावरच थांबते. लावलेले रोप पहिला उन्हाळा काढते की नाही हे पाहायला जावे लागते, पुढच्या पावसात ते पुन्हा फुटते की नाही हे पाहायला जावे लागते. त्याला फुले आली, तरी आम्ही ते यश म्हणून नोंदवत नाही. तिथल्याच माशीने परागण केले, तिथल्याच वाऱ्याने बी नेले आणि कोणीही न लावलेले रोप जवळपास उगवले, तरच नोंदवहीत त्या क्रमांकापुढे तशी नोंद होते. अशा नोंदी आमच्याकडे फार थोड्या आहेत.