दोऱ्याचे तीन फेरे

मुंबईतल्या एका हॉटेलच्या टी-लाउंजमध्ये मी सहा वर्षं चहा करते. आमच्याकडे सगळ्यात जास्त फोटो निघतात ते फुलणाऱ्या चहाचे. काचेच्या किटलीत सुका गोळा ठेवायचा, गरम पाणी सोडायचं, आणि तीन-चार मिनिटांत चहाच्या पात्यांमधून फूल वर येतं.

खरी पंचाईत पाण्याची. गोळा असतो चहाच्या कोवळ्या कळ्यांचा. त्यांना ८० अंशांच्या आसपासचं पाणी मानवतं, त्याहून जास्त झालं की तुरटपणा उतरतो. पण तेवढ्या पाण्यात घट्ट बांधलेला गोळा लवकर सुटत नाही. म्हणून मी किटली आधी गरम पाण्याने विसळून घेते, गोळा तळाशी ठेवते आणि उकळी नुकतीच बसलेलं पाणी काठावरून सोडते, किटली एक तृतीयांश भरेपर्यंतच. अडकलेली हवा बुडबुड्यांनी निघून जाते, गोळा जड होऊन बसतो. मग उरलेलं पाणी, थोडं निवलेलं. धार थेट गोळ्यावर धरली तर तो कलंडतो आणि फूल आडवं उघडतं. नवीन मुलं नेमकं हेच करतात. प्रशिक्षणात त्यांना हसायचं कसं ते शिकवतात, पाणी ओतायचं कसं ते नाही.

जूनमधल्या एका दुपारी एक मुलगी आजीला घेऊन आली. आजींनी चाळीस वर्षं वसईहून पहाटेच्या गाडीने येऊन दादरला गजरे विकलेले. मी गोळा दाखवायला पुढे केला, तर त्यांनी तो उचलून नाकाशी धरला.

“मोगरा आहे यात.”

हे आजवर एकाही पाहुण्याने ओळखलं नव्हतं. चीनच्या फूच्यान प्रांतात चहाला ज्या फुलांचा वास देतात, तो आपलाच मोगरा. दुपारी खुडलेल्या कळ्या रात्री उमलायला लागल्या की चहात मिसळतात, आणि वास उतरला की फुलं चाळून काढतात. मी सांगत होते आणि आजी मान डोलावत होत्या. कळी कधी खुडायची हे त्यांना माझ्याकडून शिकायचं नव्हतं. आमच्या मेनूकार्डावर यातलं काहीच नाही. तिथे लिहिलंय, ‘सम्राटांच्या दरबारातली प्राचीन कला’. मोगऱ्याच्या वासाचा चहा जुना आहे, पण आपण पाहतो तो हा बांधलेला, फुलणारा प्रकार १९८०च्या दशकातला. मी दोनदा लेखी कळवलं. कार्ड तसंच आहे.

त्या दिवशी गोळा उघडलाच नाही. पाच मिनिटं झाली, सात झाली. पाती फुगली, पण मूठ सुटेना. मॅनेजरने लांबून खूण केली, बदलून टाक.

“थांब बाय, टाकू नको. बशी दे.”

आजींनी चमच्याने गोळा बाहेर काढला. बुडाशी पांढरा सुती दोरा होता. त्यांनी तो नखाने चाचपला. “तीन फेरे. चांगले आवळलेत, हात सवयीचा आहे.” मग बोट वर नेलं. दोऱ्याचा एक पदर बुडापासून वर जाऊन कळ्यांच्या टोकांवरून फिरला होता. “हा बघ, हा वरून गेला. घाईत होती ती बांधणारी.”

माझ्या खिशातली छोटी कात्री मागून त्यांनी तेवढाच पदर कापला आणि गोळा पुन्हा किटलीत सोडला. पाती हळूहळू बाहेर वळली. मधून पिवळी लिली निघाली आणि तिच्यावर दोऱ्यात ओवलेली बटणासारखी जांभळी फुलं कमानीसारखी उभी राहिली. “हे तर वेणीतलंच फूल! वाळलं तरी रंग सोडत नाही.”

चहा त्यांनी दोन घोट घेतला, फूल मात्र बराच वेळ बघत राहिल्या. मग विचारलं, “एका गोळ्याचे तिला किती मिळत असतील?” मला माहीत नव्हतं. नातीने बिलाचा कागद उलटा करून ठेवला. त्यावर नऊशे रुपये होते.

निघताना म्हणाल्या, “तक्रार करशील?”

“करावी लागते, आजी.”

“मग तिचं कापतील.”

संध्याकाळी मी तो डबा रिकामा केला आणि एकेक गोळा दिव्याखाली फिरवून पाहिला. आणखी दोन गोळ्यांवर तसाच पदर होता. फोटो काढले, तक्रार लिहिली. पाहुण्यासमोर न उघडणारा चहा ठेवणं चूक आहे, आणि ते पाहणं हेच माझं काम आहे. पुरवठादाराने आठवड्यात पैसे वळते केले. मॅनेजरने मीटिंगमध्ये माझं नाव घेतलं. आजींचं नाव घ्यायला हवं होतं, ते मी विचारलंच नव्हतं.

दीड महिन्याने नवे डबे आले. सगळे गोळे उघडतात. वापरलेली फुलं मी आता लगेच फेकत नाही. धुवायच्या जागी उभी राहून बुडाचा दोरा सोडवून बघते. पांढरा सुती दोरा तोच आहे. फेरे दोन आहेत.