क्र. ४ : मागचा पाय आणि चवथीची मुदत

फणसाच्या फळीतून खुर्चीचे मागचे दोन्ही पाय एकदाचे निघाले. पाच आठवडे नोंद लिहिली नाही, कारण काम तिथेच अडलं होतं. पायाचा बाक कागदावर काढायला एक संध्याकाळ पुरली. तोच बाक लाकडात कुठे आहे हे शोधण्यात तीन रविवार गेले.

आधीच्या नोंदी ज्यांनी वाचल्या नाहीत त्यांच्यासाठी: मी आर्किटेक्ट आहे, गोव्यात फोंड्याजवळ राहते आणि घरामागच्या रिकाम्या गोठ्यात सुट्टीच्या दिवशी खुर्च्या करते. ही चौथी, आजीसाठी. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आदल्या दिवशी आमच्याकडे माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळा-फुलांची चौकट, बांधतात, तेव्हा आजी ओसरीवर बसून तोरिंग कुठे, सुपारीचा कात्रो कुठे, कांगलां कुठे, हे सगळं सांगत असते. सध्या ती प्लास्टिकच्या खुर्चीत बसते आणि उठायचं झालं की कुणाला तरी हाक मारते. ती हाक बंद व्हावी एवढ्यासाठी ही खुर्ची, आणि चवथ ही तिची मुदत.

क्र. २ कशी मोडली ते लिहायचं राहून गेलं होतं. त्याशिवाय क्र. ४ अशी का आहे ते कळणार नाही. क्र. २ सागवानाची होती, हलकी, बारीक अंगाची. बाजूच्या आडव्या पट्ट्या मी ४ सेंमी उंचीच्या ठेवल्या आणि खाली पायांना जोडणाऱ्या पट्ट्या दिल्याच नाहीत. ड्रॉइंगमध्ये ती तशी फार स्वच्छ दिसत होती. माझा मामेभाऊ जेवण झाल्यावर तिच्यावर बसला, पुढचे दोन पाय उचलून मागे झुकला, आणि कडाड. त्याला लागलं नाही. मी सांधा उघडून पाहिला तर मागच्या पायाच्या खाचेत कुसू (पट्टीचं खाचेत बसणारं टोक) तसाच अडकून बसलेला आणि बाजूची पट्टी त्याच्या मुळापासून तुटलेली.

त्या रात्री हिशोब मांडला. आधीच मांडायला हवा होता. मागे रेलणारा माणूस पाठीच्या टेक्यावर २५ किलोचा रेटा देतो असं धरू, आणि हा रेटा बैठकीच्या चौकटीपासून ४० सेंमी वर. म्हणजे १००० किलो-सेंमीचा मोमेंट, सांधा फिरवू पाहणारा जोर. डाव्या-उजव्या सांध्यांत वाटला की प्रत्येकी ५००. पट्टी ४ सेंमीची असेल तर कुसूच्या वरच्या आणि खालच्या कडेत कामाचं अंतर मिळतं जेमतेम ३ सेंमी. ५०० भागिले ३, म्हणजे १६५ किलोच्या वर, तेही बोटाएवढ्या लाकडावर. पट्टी ६.५ सेंमीची केली तर अंतर ५ होतं आणि रेटा १०० किलोवर येतो. आणि बैठकीखाली २५ सेंमीवर दुसरी आडवी पट्टी दिली तर तोच मोमेंट त्या २५ सेंमीच्या अंतरावर पेलला जातो: सांध्यामागे साधारण २० किलो. एका पट्टीने आठपट फरक.

इमारतींवर एवढी वर्षं काम करूनही हा हिशोब मला आधी सुचला नाही, याचा मी खूप विचार केला. घर कुणी दोन खांबांवर मागे झुकवून बघत नाही. भार वरून येतो, खाली जातो, वाऱ्याचा आणि भूकंपाचा हिशोब स्ट्रक्चरल इंजिनिअर करतो. भिंत एक सेंमी सरकली तर गिलावा सांभाळून घेतो. खुर्चीत गिलावा नाही, इंजिनिअर नाही आणि भार दर मिनिटाला जागा बदलतो. आर्किटेक्ट मीस व्हॅन डर रोहने १९५७ मध्ये म्हटलं होतं की खुर्ची फार अवघड वस्तू आहे, तिच्यापेक्षा गगनचुंबी इमारत जवळजवळ सोपी. १९२९ च्या बार्सिलोना प्रदर्शनासाठी त्याने लिली राइखबरोबर केलेली खुर्ची सगळ्यांना माहीत आहे. कॉलेजात असताना हे वाक्य मला थोरामोठ्यांच्या थाटाचं वाटायचं. आता ते कामाच्या अनुभवातून आलेलं, सरळ माहितीचं वाक्य वाटतं.

मग मी आर्किटेक्टांच्या खुर्च्या पुन्हा बघायला बसले, पण या वेळी फक्त एकच प्रश्न घेऊन: मागच्या पायाच्या या सांध्याचं यांनी काय केलं?

आल्व्हार आल्टोने १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला पायमिओच्या क्षयरोग रुग्णालयासाठी खुर्ची केली, तिला मागचा पाय असा नाहीच. बर्चचे थर चिकटवून वाकवलेले दोन बंद वळसे, तेच हात, तेच पाय, आणि मधे प्लायवुडची एक सलग लाट टांगलेली. पाठीचा उतार रुग्णाला श्वास घ्यायला सोपं जावं म्हणून तसा. सांधाच काढून टाकला की तुटणार काय? रीटव्हेल्ड मुळात सुताराचा मुलगा आणि स्वतः सुतार. १९३४ च्या सुमाराची त्याची झिग-झॅग खुर्ची म्हणजे चार फळ्या, पाय शून्य. पण तिचे कोन जवळून बघा: आतल्या कोपऱ्यांत तिकोनी ठोकळे भरलेत. लांबून जादू वाटणारी गोष्ट त्या ठोकळ्यांवर उभी आहे. सारिनेनला टेबलखुर्च्यांच्या पायांचं जंगल नकोसं झालं होतं, म्हणून त्याने एकाच देठावरची ट्यूलिप खुर्ची काढली. ती सगळी एकाच पदार्थात व्हावी अशी त्याची फार इच्छा होती. पण प्लास्टिकचा देठ भार घेईना, म्हणून देठ अॅल्युमिनियमचा ओतावा लागला आणि वरून एकसारखा रंग. फ्रँक लॉइड राइटने जॉन्सन वॅक्सच्या कचेरीसाठी तीन पायांच्या खुर्च्या दिल्या. नीट न बसणारा माणूस त्यांवरून उलटायचा. पुढे त्या चार पायांच्या झाल्या.

आणि आपल्याकडे चंडीगड. पिएर जानरेच्या १९५० च्या दशकातल्या सागवानी खुर्च्या, वेताची बैठक, कंपाससारखे उघडलेले पाय. आज त्या लिलावांत कुठल्या किमतीला जातात याचीच चर्चा जास्त होते. मला त्यांतला त्रिकोण महत्त्वाचा वाटतो. पुढचा आणि मागचा पाय वर एकत्र येतात, आणि त्रिकोण तिरपा होत नाही, चौकोन होतो. इथल्या सुताराला साध्या हत्यारांनी, पुन्हा पुन्हा करता येईल असा तो उपाय आहे.

घरात शोधलं तर उपाय ओसरीवरच सापडला. गोव्यातल्या जुन्या घरांत लांब हातांची जी आरामखुर्ची असते, जिला आपण व्होल्तेर म्हणतो, तिचे हात फक्त पाय पसरायला आहेत असं मी इतकी वर्षं समजत होते. खाली वाकून पाहिलं तर तो हात पाठीच्या दांड्याला वर धरून ठेवतो. पाठ मागे जायला लागली की हात तिला ओढून धरतो. म्हणजे मागच्या पायाला पकडायला मला तीन जागा आहेत: खालची पट्टी, बैठकीची चौकट आणि हात. क्र. ४ या तीन जागांवर उभी आहे. आजीला व्होल्तेरच का नाही दिली? तिच्यात एकदा बसलं की आजीला उठता येत नाही.

उंचीचं सांगते, कारण यात मी सर्वांत जास्त वेळ घालवला आणि तो वाया गेला नाही. खुर्चीची बैठक सर्वसाधारणपणे ४४-४५ सेंमी उंच धरतात. आजीच्या गुडघ्यामागच्या खळगीपासून जमिनीपर्यंतचं अंतर मी टेपने मोजलं: ३७.५ सेंमी. ४४ च्या खोक्यावर बसवलं तर ती पाय हलवत म्हणाली, "पाय पावनात गो बाय." मांडीखाली कड रुतते आणि थोड्या वेळात मुंग्या येतात. मग सोपं आहे, ३७.५ करा! तिथे ती आरामात बसली आणि उठताच येईना. जितकी बैठक खाली, तितका गुडघ्यांवर जोर जास्त. बसण्याला खालची उंची हवी, उठण्याला वरची, आणि माणूस तेच.

प्लायचे तुकडे आणि दोन पाट एकमेकांवर रचून आम्ही अख्खी दुपार हे केलं. ३८, ३९, ४०, ४१. शेवटी पुढची कड ४०, मागची ३८.५, आणि पुढची पट्टी वरून गोल तासलेली, म्हणजे मांडीला कड लागत नाही. उरलेलं काम खुर्चीच्या हातांवर: बैठकीपासून २० सेंमी वर, आणि पुढच्या पायाच्या ५ सेंमी पुढे आलेले, म्हणजे तळवा टेकून अंग पुढे नेता येतं. उठताना तिचं निरीक्षण करत होते तेव्हा आणखी एक दिसलं. ती आधी टाचा मागे, बैठकीखाली घेते आणि मगच उठते. म्हणजे पुढच्या दोन पायांमध्ये खाली पट्टी आली तर टाचा अडणार. मजबुतीला पट्टी हवी आणि टाचांना नको. म्हणून दोन्ही बाजूंना एकेक पट्टी आणि त्यांना मधोमध जोडणारी तिसरी, वरून पाहिलं तर इंग्रजी एचचा आकार. जुन्या खुर्च्यांत हा एच खूप दिसतो. तो तिथे का आहे हे मला आजीच्या टाचांनी शिकवलं.

आता तो पाय. बैठकीपर्यंत सरळ, त्याच्या वर मागे झुकत टोकाला ९ सेंमी बाहेर. सरळ धाग्याच्या फळीतून असा बाक कापला तर वळणावर लाकडाचे धागे आरपार कापले जातात, आणि नेमकं तिथेच तुटतं. लाकूड शेजारच्या पाडलेल्या घराच्या तुळईचं. फणस आहे, आतून अजून पिवळाधमक. उजेड लागला की काही महिन्यांत तपकिरी होईल. साडेचार सेंमीच्या सहा फळ्या निघाल्या होत्या. मी फर्मा (पायाच्या आकाराचा नमुना) ठेवून जास्तीत जास्त पाय कसे बसतील ते बघत होते, कापड बेतावं तसं.

तिसऱ्या रविवारी मेस्त, म्हणजे सुतार, आले. (ते आमच्या साइटवर दारं-खिडक्या करायचे, आता वयामुळे काम कमी केलंय.) त्यांनी माझ्या पेन्सिलच्या रेघांकडे पाहिलंसुद्धा नाही. ओलं फडकं घेतलं, फळी पुसली, आणि कोरडी होता होता रेषा कशा पळतात ते वाकून बघत राहिले. चार फळ्या बाजूला केल्या. पाचवीच्या एका टोकाला, जिथे कधीतरी फांदी फुटली असणार, तिथे धागे आपोआप एका बाजूला वळलेले. त्यांनी फर्मा उचलला, उलटा केला, चार बोटं सरकवला आणि खडूने खूण केली. "हांगा आसा तो." मी नखाने धाग्याचा माग काढत गेले, फर्म्याची कड आणि धागा वळणावर जवळजवळ एकत्र चालत होते. त्या फळीतून दोनच पाय निघाले. उरलेलं लाकूड पट्ट्यांना गेलं.

दमटपणाबद्दल थोडक्यात, कारण किनाऱ्यावर काम करणाऱ्या सगळ्यांचा हा त्रास आहे. मीटरवर पाय १६ टक्के दाखवत होते. पट्ट्यांची फक्त टोकं मी बल्ब लावलेल्या खोक्यात आठवडाभर ठेवून ९-१० वर आणली आणि मग कुसू कापले. कोरडा कुसू ओलसर खाचेत गेला की फुगतो आणि घट्ट बसतो. अळशीच्या तेलाची फडकी खोक्याच्या जवळपास अजिबात नकोत, ती आपोआप तापून पेट घेतात.

सांध्यात बांबूची खुंटी आहे, आणि तिचं भोक मुद्दाम चुकवलेलं. आधी पायातून खाचेच्या आरपार भोक पाडायचं. कुसू आत घालून गिरमिटाच्या टोकाने त्यावर खूण करायची, बाहेर काढायचा आणि कुसूतलं भोक खुणेपेक्षा दीड मिलिमीटर पट्टीच्या बाजूला पाडायचं. खुंटी ठोकली की ती वाकडी वाट काढत जाते आणि कुसूला आत ओढते. पहिल्या दोन ठोक्यांना आवाज पोकळ येतो. तिसऱ्या-चौथ्याला तो बदलतो, भरीव होतो, आणि पट्टीच्या खांद्याजवळ केसाएवढी दिसणारी फट डोळ्यांसमोर मिटते. मी आठही वेळा हातोडा थांबवून ती फट मिटताना बघितली. क्र. २ मध्ये मी सगळं क्लँप आणि गोंदावर सोडलं होतं.

परवा चौकट उभी राहिली. वेत अजून विणायचा आहे. चौकटीला १२-१२ मिलिमीटरवर भोकं पाडून झाली आहेत. उभे दोन थर, आडवे दोन, तिरपे दोन आणि कडेची बांधणी, असे सात टप्पे आहेत. वेत पाण्यात भिजवून, चकाकती बाजू वर. त्याला दोन रविवार धरते. पॉलिश चपड्याचं, पातळ.

बैठकीवर तात्पुरती फळी टाकून मेस्तांनी खुर्ची ओसरीवर नेली. "बसून पळय," ते आजीला म्हणाले. आजी बसली. तळवे जमिनीला पूर्ण टेकले. ती मागे रेलली, मी मागच्या पायाकडे बघत होते, काही आवाज नाही. मग टाचा आत घेतल्या, हातांवर जोर दिला आणि उठून उभी राहिली. कुणाला हाक मारली नाही. परत बसली, चष्मा काढून खुर्चीच्या उजव्या हातावर ठेवला, तो घसरून खाली पडला. तिने बोटाने दाखवलं: इथे रुंद हवा, आणि थोडा खोलगट.

उजवा हात ७ सेंमीचा आहे, तो १० चा करावा लागेल. सहाव्या फळीत तेवढं लाकूड आहे, पण एक गाठ मधे येते. उद्या ओलं फडकं घेऊन बसते.