मिलोची भाकरी

होळी झाली आणि त्यानंतरच्या शुक्रवारी मी दवाखान्यातून सुट्टी टाकली. मी नर्स आहे, धुळ्यात एका खासगी हॉस्पिटलला, आणि गेली नऊ वर्षं उपवासकाळात आमच्या चर्चच्या भुकेविरुद्धच्या मोहिमेत काम करतेय. भस्म बुधवार ते ईस्टर, दर शुक्रवारी आम्ही पाच-सहा जण दानाचे डबे घेऊन बाहेर पडतो, संध्याकाळी क्रूसाची वाट, म्हणजे येशूच्या दुःखसहनाची प्रार्थना, झाली की हॉलमध्ये साधं जेवण असतं, लोक अर्धी भाकर आणि पातळ डाळ खातात आणि एरवी मटणावर जो खर्च झाला असता तो डब्यात टाकतात. यंदा उपवासकाळ आणि रमजान जवळपास एकदमच सुरू झाले त्यामुळे पाच कंदीलच्या बाजारात दुपारी एक वेगळीच शांतता असते, अर्धं गाव उपाशी आणि आपणही उपाशी, मला ते फार बरं वाटत होतं.

यंदा मी एक नवीन गोष्ट केली होती, पुठ्ठ्याची कडी. आम्ही नर्स लोक लहान मुलाच्या दंडाचं माप घेतो ना ती टेप असते, लाल-पिवळा-हिरवा पट्टा असलेली, सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड ११.५ सेंटीमीटरपेक्षा कमी भरला की ते मूल लाल पट्ट्यात, म्हणजे तीव्र कुपोषित. आता हे सेंटीमीटर लोकांना सांगून काही समजत नाही, मान हलवतात आणि दहा रुपये टाकतात. म्हणून मी धर्मशिक्षणाच्या वर्गातल्या पोरांकडून बरोबर ११.५ च्या घेराची कडी कापून घेतली, दीडशे कडी, आणि ज्याच्या दारात जाऊ त्याच्या हातात ते कडं द्यायचं. दोन बोटं सैल जातात, तिसरं घालायला गेलं की अडकतं. एवढासा दंड. चार वर्षांच्या पोराचा.

पोरांनी कडी कापताना विचारलं की हे डबे कुणी शोधले, तर मी त्यांना सांगितलं की अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या ॲलनटाउन गावात १९७५ साली पुठ्ठ्याची एक वाटी जेवणाच्या टेबलावर ठेवायची पद्धत सुरू झाली, उपास करून वाचलेले पैसे तिच्यात टाकायचे. आणि त्याच्याही आधी १९६० मध्ये इंग्लंडमधल्या कॅथलिक बायकांच्या संघटनांनी ठरवलं की उपवासकाळात एक दिवस सगळ्या घराने उपास धरायचा आणि वाचलेला पैसा डॉमिनिका नावाच्या छोट्या बेटावरच्या आई-बाळांच्या दवाखान्याला पाठवायचा, त्यातूनच पुढे १९६२ ला कॅफॉड ही संस्था झाली. आपली कारितास इंडिया, म्हणजे इथल्या कॅथलिक चर्चची मदतसंस्था, ती पण १९६२ चीच. मला त्या बायकांचं नेहमी आश्चर्य वाटतं, त्यांनी डॉमिनिका बघितलं पण नसेल.

तर त्या शुक्रवारी सकाळी पहिलं दुकान मणियार चाचांचं, बांगड्यांचं. चाचांचा रोजा होता, ओठ सुकलेले, तरी हसून म्हणाले या बेटा. मी कडं दिलं. त्यांनी काय केलं तर समोरच्या ट्रेमधली दोन-चार मापाची एक बांगडी उचलली आणि ते कडं तिच्यात टाकलं, ते आत सैलच फिरत राहिलं. चाचा बघतच राहिले. चाळीस वर्षं बायकांचे हात हातात घेऊन बांगड्या भरतोय म्हणे, एवढ्या मापाची बांगडी मी बारशाच्या बाळाला विकतो, आणि ही तर मनगटाची नाही, दंडाची. त्यांनी पैसे दिले, आणि ते कडं गल्ल्याच्या काचेला चिकटवून ठेवलं. अजून आहे तिथे.

मग धान्याचं दुकान. शेठ ओळखीचे आहेत, दर वर्षी देतात, नवीन दादर नुकतीच आली होती आणि दुकानात तिचा तो गोडसर वास सुटला होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, दादर म्हणजे आमच्याकडची रब्बीची ज्वारी, तिच्या भाकरीची चव दुसऱ्या कशाला नाही. शेठने पाचशेची नोट काढली, डब्यात टाकली, आणि मग म्हणाले, "ताई, एक विचारू का, राग मानू नका. तुमच्या बोर्डावर लिहिलंय जगातली भूक, सुदान वगैरे. जग कशाला? अक्राणीत जा ना. धडगावला जा. आपल्याच नंदुरबारची पोरं वाळून चाललीत आणि तुम्ही सुदान सुदान करताय."

मला उत्तर देता आलं नाही. खरं तर मी धडगावकडे दोन वर्षं एका मिशनच्या दवाखान्यात होते लग्नाआधी, ती टेप मी तिथेच पहिल्यांदा हातात धरली. दिवाळी झाली की पाड्यातली अर्धी घरं कुलूप लावून ऊसतोडीला गुजरातेत जायची, पोरं सोबत, मग अंगणवाडीचा आहार इकडे आणि पोर तिकडे उसाच्या फडात, आणि मार्च-एप्रिलमध्ये परत आलं की त्याचा दंड मोजायला मला भीती वाटायची. सरकारने २०१५ पासून अमृत आहार योजना आणली, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना एक वेळचं पूर्ण जेवण, मुलांना अंडी-केळी, चांगली योजना आहे, पण जे कुटुंब गावातच नाही त्याला कोण वाढणार. हे सगळं मला शेठपेक्षा जास्त माहीत होतं, म्हणूनच बोलता आलं नाही. कारण त्यांचं म्हणणं मला रात्री पडल्या पडल्या स्वतःलाच टोचतं. मी नुसतं म्हटलं, शेठ, संध्याकाळी जेवायला या. ते आले नाहीत.

दुपारभर तोच एक विचार डोक्यात. हॉलच्या मागे सिस्टर आणि चार मावश्या भाकरी थापत होत्या, पीठ कमी पडलं म्हणून परत एकाला गिरणीत पळवलं, उडदाची डाळ घोटून ठेवली, खलबत्त्यात ठेचा. मी पण एक भाकर थापली, बाजूने फाटली.

क्रूसाची वाट संपली आणि सगळे हॉलमध्ये आले, शंभरएक माणसं असतील, रेल्वेवाले, शाळेतले शिक्षक, शेजारच्या वस्तीतले पण, आमच्याकडे शुक्रवारच्या जेवणाला धर्म विचारत नाहीत. वाढायच्या आधी मी दहा मिनिटं बोलायचं असं ठरलेलं होतं. मी आकड्याने सुरुवात केली, संयुक्त राष्ट्रांच्या २०२५ च्या अहवालाप्रमाणे २०२४ मध्ये जगात ६७ कोटी ३० लाख लोक भुकेले होते, आणि बघितलं तर मागची पोरं मोबाईलवर. मग मी कागद बाजूला ठेवला आणि सरळ ज्वारीवर आले. म्हटलं, आपण आता जी भाकर खाणार ना, ती ज्वारी मूळची आफ्रिकेची, सुदानच्या त्या पट्ट्यातली, तिथून हजारो वर्षांपूर्वी ती आपल्याकडे आली. तिथल्या बाया आजही ज्वारीचं पीठ आंबवून तव्यावर पातळ पापुद्रा सोडतात, त्याला किसरा म्हणतात. म्हणजे त्यांचं पण पोट ज्वारीवरच. एप्रिल २०२३ मध्ये तिथे लढाई सुरू झाली, ऑगस्ट २०२४ मध्ये झमझम नावाच्या निर्वासितांच्या छावणीत दुष्काळ पडल्याचं तज्ज्ञांनी जाहीर केलं, आणि शेजारचं अल फाशेर शहर दीड वर्ष वेढ्यात होतं, २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये ते पडलं. त्या वेढ्यात ज्वारी संपली तेव्हा लोक अंबाझ खात होते. अंबाझ म्हणजे काय, तर भुईमुगाचं तेल काढल्यावर जे खाली राहतं ते. आपण त्याला ढेप म्हणतो.

ढेप म्हटल्याबरोबर हॉलमधला आवाज बंद झाला. आमच्याकडे ढेप म्हणजे काय हे कुणाला सांगावं लागत नाही, प्रत्येकाच्या मामाच्या नाहीतर काकाच्या गोठ्यात पोतं असतं, पाण्यात भिजवून म्हशीपुढे ठेवतात, त्याचा तो वास. एक मावशी हातातली परात घेऊन तशीच उभी राहिली.

आणि मग मोबाईलवाल्यांपैकीच एक पोरगा, कॉलेजचा, त्याने विचारलं, "ताई, मग आपले हे पैसे तिकडे जाणार का?"

खोटं बोलायचं नव्हतं. मी म्हटलं, नाही. हे पैसे कारितास इंडियाकडे जातात आणि ते आपल्या देशातल्याच कामांना लागतात. तो म्हणाला, "मग आम्हाला सुदानचं सांगून काय उपयोग?" उद्धटपणे नाही हो, मनापासून विचारलं त्याने. सकाळचे शेठ आणि हा पोरगा, दोघांचा प्रश्न उलटसुलट पण शेवटी एकच, आणि माझ्याकडे दोघांनाही द्यायला काही नाही. फादर उठायला लागले माझ्या मदतीला.

तेवढ्यात दारातून आबा बोलले.

आबा म्हणजे आमच्या आवाराचे वॉचमन. शिंदखेडा तालुक्यातले, गळ्यात तुळशीची माळ, वारी चुकवत नाहीत, बारा वर्षं झाली आमच्याकडे आहेत पण हॉलमध्ये कधी येऊन बसत नाहीत, दारात खुर्ची टाकतात. बोलतात पण कमी. ते उभे राहिले आणि म्हणाले, "बहात्तरले आम्हीन मिलो खादी."

तरुण पोरांना मिलो माहीत नव्हती. आबांनी सांगितलं. १९७२ च्या दुष्काळात ते चौदा-पंधरा वर्षांचे, वडील आणि ते दोघं दुष्काळी कामावर खडी फोडायला, उन्हात, तिथे सुकडी मिळायची, आणि रेशनवर मिळायची ती मिलो, अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. आई थापायला बसली की भाकर फाटायची, पिठाला चिकटपणाच नाही, तव्यावर टाकेपर्यंत तुकडे, आणि रंग असा लालभडक की धाकटी बहीण हात लावायची नाही. आई तिला मांडीत घेऊन चारायची. लोक त्या मिलोला नावं ठेवायचे, जनावरांचं खाणं पाठवलंय म्हणायचे. "पन त्यानीच जगाडं," आबा म्हणाले. मग थोडा वेळ काही बोलले नाहीत. आम्हाला वाटलं झालं त्यांचं.

मग त्या पोराकडे बघून म्हणाले, "ती मिलो कथाईन येल व्हती? आठे ते पानी बी नव्हतं. कोनी तरी तठे जाईसन सांगं व्हई ना, का आठला लोके उपाशी शेतस. तवयच ते कोनी धाडं." म्हणजे कुणीतरी तिकडे जाऊन आमचं सांगितलं असेल ना, म्हणून तर कुणीतरी पाठवलं. आणि ज्याने सांगितलं त्याच्या स्वतःच्या खिशात आम्हाला द्यायला काही होतं की नव्हतं, काय माहीत.

माझ्याकडे वळून म्हणाले, "तू सांगत ऱ्हाय, ताई." आणि परत खुर्चीत बसले.

मी पुढे काही बोललेच नाही. घसा भरून आला होता. सिस्टरने खूण केली आणि वाढायला सुरुवात झाली, अर्धी भाकर, डाळ, ठेचा, आणि इतर शुक्रवारी जो गप्पांचा गलका असतो तो नव्हता, भाकर मोडल्याचा आवाज येत होता. त्या कॉलेजच्या पोराने आबांचं ताट दारात नेऊन दिलं आणि स्वतःचं ताट घेऊन त्यांच्याजवळच खाली बसला, मिलोबद्दलच विचारत होता वाटतं, कारण आबा हाताने भाकर कशी फाटायची ते दाखवत होते.

रात्री पैसे मोजले, नेहमीपेक्षा बरे होते, चौदा हजारांच्या वर, डब्यात दोन-तीन पुठ्ठ्याची कडी पण परत आली होती, आत दुमडून नोटा घातलेली.

शनिवारी ड्युटीला जाता जाता मी शेठच्या दुकानात थांबले. भांडायला नाही. मी त्यांना सांगितलं की शेठ तुमचं बरोबर आहे, अक्राणीचं सांगायलाच पाहिजे, मी तिथे होते, मी पुढच्या वेळी तेच आधी सांगेन, दंडांची मापं मला अजून पाठ आहेत. पण सुदानचं पण सांगणार. आणि आबांची गोष्ट सांगितली. शेठ पण त्याच वयाचे, थोडे लहान. दादरची मूठ हातात घेऊन ती पोत्यात परत सोडत होते, तशीच सोडत राहिले, आणि म्हणाले आमच्या वडिलांच्या दुकानाला तेव्हा रेशनचा परवाना होता, मिलोची पोती आमच्याच ओट्यावर उतरायची, मी लहान होतो, पोत्यांवर खेळायचो. एवढंच. त्यांचं मत बदललं का, मी विचारलं नाही. पण जाताना त्यांनी हाक मारली आणि दादरचं एक कट्टं, तीस किलोचं, रिक्षात टाकायला लावलं. म्हणाले शुक्रवारच्या भाकरीला पीठ कमी पडतं ना तुमच्याकडे.

पुढचा शुक्रवार आमचा नंदुरबारला होता. सकाळी सहाला जीप निघाली, मी मागे डबे आणि कडी घेऊन, आणि पुढच्या सीटवर धुतलेलं धोतर नेसून आबा. फादरनी त्यांना एक दिवसाची रजा दिली होती, तीही आबांनी आधी लेखी अर्ज देऊन मागितलेली. वाटेत ऊसतोडीहून परतणाऱ्या मजुरांचे दोन ट्रक लागले, पोरं वर गाठोड्यांवर बसलेली. आबा मान वळवून ते ट्रक जाईपर्यंत बघत राहिले आणि मला म्हणाले, आज आधी यांचं सांगजो, मग मन्हं, मग त्या सुदानवालास्नं.

तसंच केलं. मी अक्राणीचं सांगितलं, आबा मिलोचं बोलले, माईकची सवय नाही म्हणून मी त्यांच्यापुढे तो धरून उभी राहिले.