कारंजा ते मालेगाव दुपारी करू नका

नागपूरहून सायकलने निघालेला मी परवा दुपारच्या आत लोणारला पोचलो. पाय ठीक आहेत, पण खांद्यावर आणि मनगटावर गारांनी उठलेले काळेनिळे डाग अजून तसेच आहेत. निघण्यापूर्वी ज्यांना विचारलं त्या सगळ्यांनी एकच सांगितलं होतं: मार्चअखेर वऱ्हाडात पाऊस नसतो, ऊन तेवढं सांभाळा. हे साफ चुकीचं आहे. येत्या आठवड्यात याच रस्त्याने सायकल काढणाऱ्यांना ते आधी कळायला हवं, म्हणून अंग दुखत असतानाच लिहायला बसलोय.

रस्ता असा: नागपूर, सेवाग्राम, यवतमाळ, कारंजा, मालेगाव (दोन्ही वाशिम जिल्ह्यातली), लोणार. पाच दिवस. पहिले तीन दिवस छान गेले. सेवाग्रामला सायंप्रार्थना गाठा, कळंबला चिंतामणीचं दर्शन घ्या. त्याबद्दल एवढंच. समृद्धी महामार्गाचा विचार करू नका, तिथे सायकल आणि दुचाकीला बंदी आहे. जुन्या रस्त्यानेच जायचं.

आता चौथा दिवस. कारंजा ते मालेगाव हे अंतर साठ-पासष्ट किलोमीटरचं, म्हणून मी निवांत होतो. गुरुमंदिरात दर्शन घेतलं, नाश्ता केला आणि साडेदहाला निघालो. आभाळ निरभ्र. फोनवर पावसाची शक्यता १० टक्के. शेलूबाजार मागे पडलं तेव्हा दोन वाजत आले होते.

सकाळपासून समोरून येणारा तापलेला पश्चिमेचा वारा तिथे एकाएकी पडला. झाडाचं पान हलेना. मला बरंच वाटलं, म्हणून वेग वाढवला. तिथेच चुकलो. भर दुपारी असा वारा पडला आणि पश्चिमेला वरून ऐरणीसारखा पसरलेला, बुडाशी काळानिळा ढग दिसला, तर एक किलोमीटरसुद्धा पुढे जाऊ नका. मागे वळा, जे पक्कं घर दिसेल त्याचं दार वाजवा. वीस मिनिटांत समोरून धुळीचा लोट आला आणि त्यामागून गार वारा. एवढ्या उन्हात अंगावर काटा आला. सायकल हातात धरवेना.

मग दुसरी चूक. फोनवरच्या नकाशाने जवळचं गाव डावीकडे पांदणीने दोन किलोमीटर दाखवलं आणि मी डांबरी सोडली. पाऊस पडला की काळ्या मातीत सायकल चालतच नाही. पन्नास पावलांत चाक आणि चिमट्याच्या मधे चिखलाचा गोळा बसतो आणि चाक फिरायचं थांबतं. कितीही जवळचा दिसला तरी कच्चा रस्ता धरू नका. ही गोष्ट मला कुणीही सांगितली नव्हती.

गारा आधी बोराएवढ्या होत्या, मग लिंबाएवढ्या झाल्या. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं. एका वावरातून हाक आली, "भाऊ, सायकल टाका तिथंच अन् या इकडं!" टिनाचं छप्पर, आत एक कास्तकार, त्यांच्या घरच्या मावशी आणि कापून आणलेला गहू. टिनावर गारांचा असा आवाज होता, की शेजारी बसलेल्या माणसाचं बोलणं ऐकू येईना. अर्ध्या तासाने थांबलं. मावशी लगेच उठल्या आणि बाहेरच्या ढिगाच्या ताडपत्रीवर साचलेल्या गारा सुपाने ओढून खाली टाकायला लागल्या. "भिजला का दाणा पांढरा पडते, मंग भाव भेटत नाही." मीही हाताने गारा काढू लागलो. बोटं बधिर झाली. तरी एका बाजूचं पाणी आत गेलंच होतं. त्यांनी मला चहा दिला, पैसे घेतले नाहीत.

डांबरीपर्यंत सायकल ओढत, उचलत न्यायला दीड तास लागला. तिथे एका पिकअपवाल्याने मालेगावपर्यंतचे ३००० रुपये मागितले. अंधार पडत होता, मी कुडकुडत होतो, २००० ला तयार झालो. मालेगावात चौकशी केली तर तेवढ्या अंतराला सातशे-आठशे पुरे, असं दोघांनी सांगितलं. ही लूट आहे. रस्त्यावर उभं राहून गाडीला हात करू नका. ज्या घरी आसरा मिळाला त्यांनाच विचारा, गावातली ओळखीची गाडी ते बोलावून देतात. मला हे तेव्हा सुचलं नाही, याची चुटपुट अजून आहे.

फोनवरच्या टक्क्यांवर विसंबू नका. हे वादळ तासाभराचं असतं, एका पट्ट्यात कोसळतं आणि शेजारचा तालुका कोरडा राहतो. या दिवसांत बंगालच्या उपसागरावरून ओलसर वारा आत येतो, वर थंड कोरडी हवा असते, आणि तापलेल्या जमिनीवरून दुपारी हवा जोरात वर चढते. सकाळचं निरभ्र आभाळ म्हणूनच फसवतं, ऊन जितकं कडक तितकी संध्याकाळ बिघडण्याची भीती जास्त. हवामान खात्याचा पिवळा इशारा जिल्ह्याला असेल तर बारा वाजेपर्यंतच सायकल चालवायची. नारंगी असेल तर मुक्काम हलवायचा नाही. दर तीन तासांनी येणारा जिल्हावार तात्कालिक अंदाज आणि नागपूरच्या रडारचं चित्र बघत राहा. विजेसाठी ‘दामिनी’ अॅप आधीच घेऊन ठेवा, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने बनवलंय, आजूबाजूच्या २० ते ४० किलोमीटरमधल्या विजेची सूचना देतं. वीज दिसल्यापासून गडगडाट ३० सेकंदांच्या आत ऐकू आला तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे. बाभळीखाली, लिंबाखाली थांबायचं नाही. टिनाचं खोपटंही विजेपासून सुरक्षित नाही, त्या दिवशी दुसरं काही नव्हतं म्हणून मी तिथे बसलो.

पाचव्या दिवशी मालेगावहून पहाटे पाचला निघालो. वारा पडलेला, हवा धुतलेली, मेहकरपर्यंत पाय आपोआप फिरत होते. बाराच्या आत लोणारच्या कडेवर उभा होतो. तीन वाजता खोलीतून पूर्वेकडे, मालेगावच्या बाजूला, पुन्हा तसाच ढग चढताना दिसला. ताडपत्रीखालचा तो गहू एव्हाना घरात गेला असेल का, हेच सारखं मनात येत होतं.