तुम्ही विचारलंत म्हणून : सांताचा 'ल'

डिसेंबरचा दुसरा आठवडा लागला की बालवाडीच्या फाटकाशी कुणीतरी आई रेंगाळते. पोर व्हॅनमध्ये बसलंय ना, हे एकदा वळून बघते आणि आवाज खाली आणून विचारते, "ताई, सांता खरा असतो असं मुलांना सांगावं का? की ते खोटं बोलणं झालं?" डोंबिवलीत बावीस वर्षं मी हीच पोरं सांभाळतेय, त्यामुळे उत्तर माझ्याकडे असणार असं त्यांना वाटतं. दरवर्षी मी अर्धंमुर्धं काहीतरी बोलते, तोवर व्हॅनचा हॉर्न वाजतो. यंदा सविस्तर लिहिते.

आधी माझा स्वतःचा गुन्हा. मुलगी पाच वर्षांची असताना सांता मीच घरात आणला. उशीखाली रंगपेटी आणि चिठ्ठी : 'लाडके, शहाण्यासारखी वागलीस. शाब्बास!' एवढ्यावर भागलं असतं. पण तिने विचारलं, आपल्याकडे धुराडं कुठाय, मग तो आला कसा? मी म्हटलं, बाल्कनीतून. चौथा मजला, वर ग्रिल लावलेलं. मग रात्री उठून त्या ग्रिलला कापसाचा पुंजका अडकवून ठेवला. सकाळी तिला नेऊन दाखवला, बघ, दाढी अडकली बिचाऱ्याची! आपल्या डोक्याचं मला तेव्हा फार कौतुक वाटलं होतं.

तीन नाताळ असे गेले. चौथ्याच्या आधी एकदा भाजी निवडताना ती सहज म्हणाली, "आई, सांताचा ल तुझ्यासारखाच आहे."

खरंच होता. दोन गोल पाकळ्यांचा, मी फळ्यावर मुलांना गिरवायला देते तो. डाव्या हाताने लिहावं एवढंही मला सुचलं नव्हतं.

"कधी कळलं तुला?"

"पहिलीत."

"मग बोलली का नाहीस?"

"तू कापूस लावत होतीस ना. तुला मजा येत होती."

म्हणजे दोन वर्षं ही पोरगी माझं मन राखत होती! रडारड वगैरे काही नाही. रडवेली झाले ती मी. पुढे वाचनात आलं की अमेरिकेत ५२ मुलांशी बोलून केलेला एक अभ्यास १९९४ साली छापून आला होता, त्यातही हेच निघालं. साधारण सातव्या वर्षी मुलांना आपलं आपण उमगतं आणि बहुतेक मुलं ते मजेत घेतात. वाईट वाटतं ते आईबापांना. त्यामुळे 'मुलाचं मन मोडेल का' ही काळजी मी तरी आता करत नाही. मला खुपतो तो कापूस.

का, ते सासूबाईंमुळे कळलं. त्यांच्याकडे गौरी असतात. आवाहनाच्या दिवशी दारापासून देवघरापर्यंत पावलं काढायची. तांदळाच्या पिठात मूठ बुडवायची, करंगळीच्या बाजूने जमिनीवर टेकवायची, की झालं पाऊल. वर बोटांच्या टोकांनी पाच ठिपके, ती बोटं. त्यावर हळदकुंकू. माझा धाकटा तेव्हा सहा वर्षांचा. आजीच्या मागे मागे उकिडवा सरकत होता. मध्येच म्हणाला, "आजी, पावलं तर तू काढतेस. मग गौर कशी आली?"

मी स्वयंपाकघरात पुरणाची डाळ निवडत होते, ती तशीच थांबले. सासूबाई पाऊल पुरं करत म्हणाल्या, "अरे, मी वाट काढली नाही तर तिला कळणार कसं कुठून यायचं?"

त्याला ते पटलं. इतकं, की पुढची पावलं मी काढतो म्हणाला. दोन बरी आली, तिसरं भलतीकडे वळलं, न्हाणीघराच्या दिशेने. मी पुसायला फडकं घेऊन गेले, तर सासूबाई म्हणाल्या, "राहू दे. प्रवासातून आलीय, हातपाय धुवायला गेली."

संध्याकाळी मुखवटे आत आले. ताट वाजलं, कुणीतरी विचारलं, "गौर कशाच्या पावलांनी आली?" "सोन्याच्या पावलांनी!" ओरडणाऱ्यांत सगळ्यात मोठा आवाज या पठ्ठ्याचा. पिठाचे हात अजून धुतलेले नव्हते.

सासूबाईंना तो खेळ नव्हता, त्यांची श्रद्धा होती, हे मला माहीत आहे. दोन्ही एका मापाने मोजत नाही. पण त्या घरात मुलापासून काही लपवलेलं नव्हतं. पीठ त्याच्यासमोर कालवलं, पावलं त्याच्यासमोर उठली, आणि तरीही गौर आली. माझा सांता मात्र मुलगी झोपल्याशिवाय येऊच शकत नव्हता.

म्हणून फाटकातल्या आयांना सांगते, गोष्ट खुशाल सांगा, पुरावे पेरू नका. 'सांता जेवायला काय खातो?' असं विचारलं तर भाकरी-पिठलं खातो म्हणा, हवं ते म्हणा. मूल गोष्ट वाढवून मागतंय. पण तेच मूल डोळ्यांत बघून 'खरं सांग' म्हणालं, की खरं सांगायचं. १८९७ साली न्यूयॉर्कमध्ये व्हर्जिनिया ओहॅनलन नावाच्या आठ वर्षांच्या मुलीने 'द सन' या वर्तमानपत्राला विचारलं होतं, सांताक्लॉज आहे का, खरं सांगा. 'सनमध्ये छापून आलं म्हणजे ते खरं' असं तिचे वडील म्हणायचे, म्हणून तिने तिथे लिहिलं. पेपरने अग्रलेखातून उत्तर दिलं, हो, आहे. जग त्या उत्तरावर अजून लट्टू आहे. मला मात्र वाटतं, पोरीने सरळ विचारलं होतं, सरळ सांगायला हवं होतं.

आणि शिस्तीसाठी सांता वापरू नका. 'दूध पी, नाहीतर सांता येणार नाही' म्हणजे आपला बागुलबुवाच, फक्त लाल कपड्यांतला.

एक गोष्ट अजून टोचते. एका जानेवारीत वर्गातला मुलगा सांगत होता, सांताने सायकल दिली. शेजारी बसलेल्या मुलीची आई चार घरची धुणीभांडी करायची. डबा खाता खाता ती मला म्हणाली, "ताई, मी पण त्रास नव्हता दिला." काय बोलणार? तेव्हापासून पालकसभेत सांगते, सायकल आईबाबांच्या नावावर द्या, सांताच्या नावावर चॉकलेटच्या वर जाऊ नका. ज्याच्यावरून सांता आला, त्या चौथ्या शतकातल्या मायराच्या बिशप निकोलसची गोष्ट तर नेमकी उलटी आहे. हुंड्यावाचून अडलेल्या तीन बहिणींच्या घरात त्याने म्हणे रात्री खिडकीतून सोन्याच्या थैल्या टाकल्या. शहाण्या आहेत का, हे काही विचारलं नाही.

आमच्या शाळेत सांता होतात ते व्हॅनवाले काका. मागच्या नाताळला लाल डगला, दाढी, सगळा थाट. पायात मात्र रोजच्या निळ्या पट्ट्याच्या चपला. मोठ्या गटातली एक चिमुरडी चपलांकडे बघत होती. बराच वेळ बघत होती. मी मनात म्हटलं, आता फुटणार. तिने चॉकलेट घेतलं, काकांना खाली वाकायला लावलं आणि कानात म्हणाली, "दाढी वर करा. अजून छोटा गट यायचाय."