मुंबईच्या पाण्याचा नकाशा, फुकटात जुळवलेला

चौघांत मिळून घेतलेली आमची छोटी शिडाची होडी गेटवेसमोर नांगरलेली असते. तिच्यावर तयार चार्टप्लॉटर, म्हणजे समुद्री नकाशावर होडीची जागा दाखवणारं यंत्र, बसवायचा खर्च परवडणारा नव्हता, म्हणून तेच काम करणारं ओपनसीपीएन हे फुकट सॉफ्टवेअर वापरून बघायचं काम माझ्याकडे आलं. त्यातून जे हाती लागलं ते सविस्तर लिहिते आहे, कारण मुंबईच्या पाण्यापुरतं हे सगळं मराठीत एका जागी मला सापडलं नाही.

सॉफ्टवेअर चढवणं अगदीच सोपं आहे. विंडोज, मॅक, लिनक्स, रास्पबेरी पाय, सगळ्यांवर ते चालतं. घरातला जुना लॅपटॉप त्याला पुरला. यूएसबीचा एक साधा जीपीएस रिसीव्हर घेतला, सेटिंगमध्ये त्याचं पोर्ट निवडलं, माहिती येण्याचा वेग (बॉड रेट) ४८०० ठेवला आणि रिसीव्हर खिडकीत टेकवला. थोड्या वेळात होडीची आकृती आमच्या दादरच्या इमारतीवर येऊन बसली. पण आकृतीखाली होती ती फक्त जमीन आणि पाणी वेगळं दाखवणारी जाडीभरडी किनाररेषा. पाण्याची खोली नाही, बोये (वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणा) नाहीत, खडक नाहीत. सॉफ्टवेअर फुकट मिळतं, नकाशा आपला आपण आणायचा असतो, हे इथे नीट समजून घ्यायला हवं. अनेक जण इथेच कंटाळून सोडून देतात.

फुकट नकाशे आहेत, पण ते दुसऱ्यांच्या पाण्याचे. अमेरिकेची नोआ ही संस्था आपल्या किनाऱ्याचे सगळे इलेक्ट्रॉनिक नकाशे कोणालाही डाउनलोड करू देते. न्यूझीलंडही आपले नकाशे खुले ठेवतं. आपल्याकडे नकाशे काढण्याचं काम देहरादूनचं नॅशनल हायड्रोग्राफिक ऑफिस करतं. त्यांचे इलेक्ट्रॉनिक नकाशे कुलूपबंद स्वरूपात विकत मिळतात, परवाना घेऊन. दर पंधरवड्याला निघणाऱ्या नाविकांसाठीच्या सूचना मात्र फुकट वाचता येतात. कुठला दिवा बंद आहे, कुठला बोया हलवला, कुठे नवं काम सुरू आहे, हे त्यात असतं. मी त्या नियमाने वाचते आणि मुंबईचा भाग वहीत उतरवून घेते.

सराव मी नोआच्या सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या नकाशावर केला, आणि नवीन माणसाने तोच करावा असं माझं मत आहे. खऱ्या, पूर्ण नकाशावर हात बसतो. आपल्या होडीला लागणारी सुरक्षित खोली एकदा भरली की तेवढ्यापेक्षा उथळ पाणी वेगळ्या रंगात कसं उठून दिसतं, खडकाची खूण कशी असते, जास्तच झूम केल्यावर सॉफ्टवेअर कसा इशारा देतं, हे सगळं घरबसल्या कळलं. एक गोष्ट मात्र पहिल्या दिवशीच मनात पक्की करून ठेवावी. अमेरिकेत बंदरात शिरताना लाल बोये उजव्या हाताला असतात. भारतात उलट, लाल डावीकडे आणि हिरवे उजवीकडे. जगात बोयांच्या या दोन पद्धती आहेत, आणि सॅन फ्रान्सिस्कोवर बसलेली डोळ्यांची सवय मुंबईच्या चॅनेलमध्ये, म्हणजे जहाजांच्या वाटेत, थेट चुकीच्या बाजूला नेईल.

मग मुंबईसाठी काय वापरलं? तीन थर. पहिला ओपनसीमॅप. ओपनस्ट्रीटमॅपवर लोकांनी आपणहून भरलेल्या दिव्या-बोयांचा हा नकाशा. १८७५ चं प्रॉन्ग्ज दीपगृह, सन्क रॉकचं दीपगृह, खांदेरी बेट या ठळक गोष्टी त्यात मिळतात. बोयांवर मात्र विसंबू नये, कारण बोया हलवला तरी नकाशावर तो हलवायला कोणीतरी बसावं लागतं. दुसरा थर खोलीचा शोधला आणि लगेच सोडला. जगभरच्या समुद्रतळाचा जेब्को नावाचा फुकट संच आहे, पण त्यातली एकेक चौकट साधारण साडेचारशे मीटरची. अरबी समुद्राचा उतार बघायला तो उत्तम आहे, बंदराच्या आत काही कामाचा नाही. त्या जागी मी विकतचा कागदी नकाशा घेतला. फुकटाच्या गोष्टीत हा एक खर्च मी मुद्दाम केला आणि कोणालाही तोच सांगेन, कारण खोली, चॅनेलच्या कडा आणि मनाई असलेले भाग यांसाठी फुकटातला कोणताही थर पुरेसा नाही. नौदलाचा परिसर आणि जवाहर द्वीपाचा तेलधक्का आपल्याच बंदरात आहेत. तिथे चुकून शिरलं तर फुकट नकाशात रेघ नव्हती हे उत्तर चालत नाही.

तिसरा थर उपग्रहाच्या चित्रांचा, आणि माझा सगळ्यात जास्त वेळ त्याच्यात गेला. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रं फुकट मिळतात, एका ठिपक्यात दहा मीटर इतकी बारीक. ती एमबीटाइल्स नावाच्या, नकाशाचे तुकडे साठवणाऱ्या फाइलमध्ये बांधली की ओपनसीपीएन ती नकाशासारखी उघडतं. शिवडीचा चिखल, चिखलातल्या खाडीच्या वाटा, अटल सेतूचे खांब, सगळं त्यात दिसतं. हा सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला, त्यामुळे जुन्या ऑफलाइन नकाशांमध्ये तो नसतोच. मी ठरवलं की पूर्ण ओहोटीची चित्रं निवडायची, म्हणजे बुडीत खडपं (पाण्याखालचे खडक) आपोआप उघडी सापडतील.

ती सापडेनात. कितीही महिने चाळले तरी पाणी खडपांवर चढलेलंच. मी लॅपटॉप घेऊन कफ परेडच्या मच्छीमार नगरात तांडेलकाकांकडे गेले. आमच्या होडीची डागडुजी तेच करतात, त्यामुळे जाणं-येणं होतं. त्यांनी पडद्याकडे बघून पहिला प्रश्न विचारला, "बाय, ह्यो फोटो किती वाजता काढतात?"

"नेहमी एकाच वेळेला काका, सकाळी अकराच्या सुमाराला."

"मग कसा दिसंल? तिथी लाव की."

तिथीचा हिशोब कोळीवाड्यात पोरासोरांनाही पाठ असतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. पौर्णिमा किंवा अमावास्या म्हणजे पंधरा, त्याची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे उधाणाच्या दिवसांत सकाळी अकराला मुंबईत भरतीच असते, आणि पाणी तळाला जातं ते पहाटे-सकाळी किंवा संध्याकाळी, पाच ते सातच्या सुमाराला. अकराला ओहोटी हवी तर सप्तमी-अष्टमी लागते. ते दिवस भांगाचे, तेव्हा पाणी फारसं उतरतच नाही. मुंबईत उधाणाला भरती-ओहोटीतला फरक साडेतीन मीटरच्या वर जातो, भांगाला तो दीड मीटरच्या आसपास राहतो. भांगाची ओहोटी उधाणाच्या ओहोटीपेक्षा साधारण मीटरभर वरच थांबते. उपग्रहाची वेळ सूर्याला बांधलेली, आपली उधाणाची वेळही सूर्य-चंद्राच्या रेषेला बांधलेली, म्हणून मुंबईची सगळ्यात खोल ओहोटी त्या उपग्रहाला कधीच दिसत नाही. त्या शेवटच्या मीटरभर पाण्याखाली जी खडपं आहेत, नेमकी तीच होडीचा तळ फोडतात. त्या रात्री घरी येऊन मी प्रत्येक चित्राच्या तारखेसमोर तिथी लिहिली. काकांचा हिशोब चित्रागणिक जुळला.

मग उरलेला एकच मार्ग. पौर्णिमेनंतर द्वितीयेला, सूर्य उगवताना, पाणी उतरत असतानाच काकांच्या होडीतून निघालो. उतरत्या पाण्यावर बघायला जाणं धोक्याचं, कारण टेकलो तर पुढची भरती येईपर्यंत तिथेच. म्हणून काकांनी होडी कायम खडपांपासून लांब ठेवली आणि पुढून एकाला वाव टाकायला, म्हणजे दोरीने खोली मोजायला, बसवलं. खडप दिसलं की ते किनाऱ्यावरच्या दोन खुणा सांगत. अमुक मनोरा तमक्या इमारतीच्या कडेला आला की समजायचं, आता आत जायचं नाही. मी फोनवर होडीची जागा नोंदवायचे, होकायंत्राने खडपाची दिशा घ्यायचे आणि त्यांच्या दोन खुणा शब्दांत लिहून ठेवायचे. घरी येऊन त्या रेषा ओपनसीपीएनवर आखल्या. दोन वेगवेगळ्या जागांवरून घेतलेल्या दिशा जिथे एकमेकींना छेदल्या, तिथे खूण ठेवली आणि तिच्याभोवती धोक्याचं वर्तुळ काढलं, ऐसपैस. कागदी नकाशाशी ताडलं तेव्हा बहुतेक खडपं तिथे होतीच. पण काकांच्या खुणांमुळे एक फायदा असा झाला की पडदा बंद पडला तरी मान वर करून बघता येतं.

खोलीचं गणित मी आता प्रत्येक वेळी कागदावर करते. नकाशातला आकडा अगदी खालच्या ओहोटीच्या पातळीपासून मोजलेला असतो, त्यात त्या वेळेची भरती मिळवायची. नकाशात अर्धा मीटर आहे आणि भरतीचा तक्ता दोन मीटर दहा सेंटिमीटर सांगतो, तर पाणी दोन मीटर साठ. आमची होडी पाण्याखाली सव्वा मीटर, म्हणजे तळाशी सव्वा मीटरच्या थोडं वर उरतं. भरतीची वेळ सॉफ्टवेअरमधून घेतली तर ती आपल्या घड्याळाची आहे ना, हे बघावं. जीपीएसची वेळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते आणि मुंबईच्या पाण्यात साडेपाच तासांत भरतीची ओहोटी होते. मी सर्व्हे ऑफ इंडियाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडल्याशिवाय आकडा वापरत नाही.

गेटवेपासून पलीकडच्या किनाऱ्यावरच्या मांडव्याचा पल्ला सरळ रेषेत साडेसात-आठ सागरी मैल, आणि त्यात मोठ्या जहाजांचं चॅनेल आडवं येतं. इथे ओपनसीपीएनने मन जिंकलं. चॅनेल काटकोनात ओलांडायची रेघ आधीच आखलेली असली की मध्ये घुटमळायला होत नाही. वीस मीटरपेक्षा लहान होडीने आणि शिडाच्या होडीने चॅनेलमधल्या जहाजाला अडवायचं नाही हा नियमच आहे, आणि न्हावा शेव्याकडे निघालेलं कंटेनर जहाज बघितलं की नियम वाचावाही लागत नाही. लॅपटॉप मात्र उन्हात दिसत नाही. तो खाली केबिनमध्ये ठेवतो, एक जण खालून दिशा सांगतो, वरचा माणूस पाण्याकडे बघतो.

स्वतः पाहिलेली, कागदी नकाशावरही असलेली खडपं आता मी एकेक करून ओपनस्ट्रीटमॅपवर भरते आहे, 'भरतीला बुडणारा खडक' अशा खुणेने. डोलजाळी, म्हणजे प्रवाहात रोवून ठेवायची मासेमारीची जाळी, ज्यांना बांधतात ते खुंट काकांनी मला दाखवले, ते माझ्या लॅपटॉपवर वेगळ्या थरात तारखेसकट आहेत, कारण हंगामागणिक ते हलतात. ते सार्वजनिक नकाशावर टाकू का, असं मी विचारलं होतं. काका म्हणाले, "खडप सगळ्यांचा हाय, टाक. खुंट ज्याचा त्याला इचार." दोघांनी होकार दिला आहे, बाकीच्यांना नारळी पौर्णिमेनंतर होड्या पाण्यात उतरल्या की भेटायचं आहे.